एदुआर ल्युका

फ्रांस्वा एदुआर आनातोल ल्युका (४ एप्रिल, इ.स. १८४२:अमियें, फ्रान्स - ३ ऑक्टोबर, इ.स. १८९१:पॅरिस, फ्रान्स) हे एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच गणितज्ञ होते. संख्या सिद्धांत हे त्यांच्या संशोधनाचे मुख्य क्षेत्र होते. फिबोनाची क्रमिकेचा त्यांनी सखोल अभ्यास केला. त्या क्रमिकेला आज रूढ असलेले नावही त्यांच्यामुळे प्रचलित झाले. तिच्याशी नाते असलेल्या दुसऱ्या एका क्रमिकेला ल्युका संख्या असे म्हणतात. 'हनोईचा मनोरा' हे जगभर परिचित असलेले कोडे त्यांनी इ.स. १८८३ मध्ये प्रसिद्ध केले.

इ.स. १८७६ मध्ये ल्युका यांनी २ चा १२७ वा घात वजा १, म्हणजे २^१२७ − १, ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे दाखवले. ज्ञात मूळ संख्यांमध्ये सर्वांत मोठी हा तिचा मान पुढे ७५ वर्षे, इ.स. १९५१ पर्यंत टिकला. कोणत्याही गणनयंत्राच्या मदतीशिवाय, केवळ हाताने केलेल्या आकडेमोडीतून मूळ ठरलेली ती आजही सर्वांत मोठी संख्या आहे. यासाठी ल्युका यांनी जी पद्धत शोधली, तिचे सुधारित रूप ल्युका–लेमर चाचणी या नावाने ओळखले जाते. आजच्या अतिविशाल मूळ संख्यांची खात्री करून घेण्यासाठी तीच चाचणी वापरली जाते.

जीवन

ल्युका यांचा जन्म उत्तर फ्रान्समधील अमियें या शहरात झाला. त्यांचे उच्च शिक्षण पॅरिसमधील एकोल नॉर्माल सुपेरियर या संस्थेत झाले. शिक्षण पूर्ण केल्यावर इ.स. १८६४ पासून ते पॅरिसच्या वेधशाळेत साहाय्यक म्हणून काम करू लागले. नेपच्यून ग्रहाचे स्थान गणिताने वर्तवणारे खगोलशास्त्रज्ञ उर्बें ल व्हेरिये हे त्या काळी वेधशाळेचे प्रमुख होते. वेधशाळेतील काम प्रदीर्घ आणि काटेकोर आकडेमोडीचे होते. आकडेमोडीची हीच सवय ल्युका यांना पुढील संशोधनात उपयोगी पडली.

इ.स. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात ल्युका यांनी फ्रेंच सैन्याच्या तोफखान्यात अधिकारी म्हणून काम केले. युद्धात फ्रान्सचा पराभव झाला. त्यानंतर ल्युका वेधशाळेत परतले नाहीत, त्यांनी अध्यापनाचा पेशा स्वीकारला. आरंभी ते मध्य फ्रान्समधील मुलां या लहान शहरातील लीसेमध्ये, म्हणजे माध्यमिक शिक्षणसंस्थेत, गणित शिकवत होते. त्यानंतर पॅरिसमधील लीसे शार्लमान्य आणि लीसे सें-लुई या नामांकित संस्थांमध्ये त्यांनी अध्यापन केले. विद्यापीठातील प्राध्यापकपद त्यांना कधीच मिळाले नाही. त्यांचे सर्व महत्त्वाचे संशोधन शाळेतील अध्यापन सांभाळून झाले.

मूळ संख्येचा प्रश्न

ज्या संख्येला १ आणि ती संख्या स्वतः यांखेरीज दुसरा विभाजक नसतो, तिला मूळ संख्या म्हणतात. इतर संख्या संयुक्त असतात (१ ही संख्या मूळही नव्हे आणि संयुक्तही नव्हे). दिलेली संख्या मूळ आहे की नाही हे पाहण्याचा सरळ मार्ग असा, की तिच्या वर्गमूळापर्यंतच्या संख्यांनी तिला भागून पाहायचे. लहान संख्यांसाठी हा मार्ग पुरेसा असला, तरी संख्या वाढत गेली की तो लवकरच अशक्य होतो. २^१२७ − १ ही संख्या पूर्ण लिहिली तर अशी दिसते:

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

हिचे वर्गमूळ सुमारे १.३ लाख कोटी कोटी इतके आहे. सेकंदाला दहा लाख भागाकार करणारे यंत्र मिळाले, तरी तेथपर्यंतच्या सर्व विभाजकांची तपासणी करायला चार लाखांहून अधिक वर्षे लागतील. या संख्येचा कोणताही मूळ विभाजक २५४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असावा लागतो, हे फर्मा आणि ऑयलर यांच्या काळापासून ज्ञात असलेल्या नियमांवरून निघते. त्यामुळे शोध बराच आटोपशीर होतो. तरीही तपासण्याजोग्या संख्या पाचशे कोटी कोटींहून अधिक उरतात.

२ चा कोणताही घात वजा १ अशा रूपाच्या संख्यांना मेर्सेन संख्या म्हणतात. हे नाव सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मोपदेशक आणि विद्वान मारें मेर्सेन यांच्यावरून पडले. अशी संख्या मूळ असण्यासाठी घातांक मूळ असावा लागतो, पण तेवढे पुरेसे नसते. ११ ही मूळ संख्या आहे, परंतु २^११ − १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. मेर्सेन यांनी इ.स. १६४४ मध्ये असे प्रतिपादन केले, की २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ या अकरांसाठीच ही संख्या मूळ असते. यादीसोबत सिद्धता नव्हती. त्या काळी, आणि त्यानंतर दीर्घ काळ, यादीतील मोठ्या संख्यांची तपासणी करणे कोणालाही शक्य नव्हते.

इ.स. १७७२ मध्ये लेओनार्ड ऑयलर यांनी २^३१ − १, म्हणजे २१४७४८३६४७, ही संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले. प्रत्येक मेर्सेन मूळ संख्येपासून एक परिपूर्ण संख्या मिळते. परिपूर्ण संख्या म्हणजे स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी असलेली संख्या, उदाहरणार्थ ६ = १ + २ + ३. ऑयलर यांच्या मूळ संख्येपासून मिळणारी परिपूर्ण संख्या ही माणसाला सापडणारी सर्वांत मोठी परिपूर्ण संख्या ठरेल, असे इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लो यांनी इ.स. १८११ मध्ये लिहिले होते. अशा संख्यांचा काही उपयोग नसल्यामुळे त्यांच्या मागे कोणी लागणार नाही, असा त्यांचा तर्क होता. ल्युका यांच्या कामामुळे हा तर्क चुकीचा ठरला.

फिबोनाची आणि ल्युका संख्या

ल्युका यांनी मोठ्या संख्येचे विभाजक शोधण्याचा मार्ग सोडून दिला. त्यांनी आधार घेतला तो फिबोनाची क्रमिकेचा. या क्रमिकेत प्रत्येक पद आधीच्या दोन पदांची बेरीज असते: १, १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५ इत्यादी. इटालियन गणितज्ञ लिओनार्दो (फिबोनाची) यांनी इ.स. १२०२ च्या आपल्या ग्रंथात सशांच्या वाढीच्या उदाहरणातून ही क्रमिका मांडली होती. भारतात छंदःशास्त्राचा अभ्यास करणाऱ्यांना ती त्याआधीच ठाऊक होती. एक मात्रेचे लघू आणि दोन मात्रांचे गुरू अक्षर वापरून ठरावीक मात्रांची ओळ किती प्रकारे रचता येते, या प्रश्नाचे उत्तर याच संख्यांनी मिळते. विरहांक आणि बाराव्या शतकातील जैन आचार्य हेमचंद्र यांनी हा नियम दिला आहे.

बेरजेचा तोच नियम ठेवून आरंभाची पदे २ आणि १ अशी घेतली, की ल्युका संख्या मिळतात: २, १, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७ इत्यादी. या दोन क्रमिकांमध्ये अनेक संबंध आहेत. त्यांपैकी एक असा, की एकाच क्रमांकाची फिबोनाची संख्या आणि ल्युका संख्या यांचा गुणाकार केला असता दुप्पट क्रमांकाची फिबोनाची संख्या मिळते. पाचवी फिबोनाची संख्या ५ आहे आणि पाचवी ल्युका संख्या ११ आहे (२ हे शून्यावे पद मानून). त्यांचा गुणाकार ५५, आणि दहावी फिबोनाची संख्या ५५ हीच आहे.

ल्युका यांनी असे दाखवले, की कोणतीही मूळ संख्या घेतली तरी ती फिबोनाची क्रमिकेतील कोणत्या ना कोणत्या पदाला भागते. असे पहिले पद किती क्रमांकावर येते, यालाही मर्यादा आहे. तो क्रमांक मूळ संख्येपेक्षा फार तर १ ने मोठा असतो. तसेच, ती मूळ संख्या ज्या ज्या पदांना भागते, त्यांचे क्रमांक हे त्या पहिल्या क्रमांकाच्या पटीतच असतात. उदाहरणार्थ, ७ ही संख्या प्रथम आठव्या पदाला (२१) भागते, त्यानंतर सोळाव्या, चोविसाव्या आणि पुढील अशाच पदांना.

२^१२७ − १ ची सिद्धता

वरील नियमांवरून ल्युका यांची सिद्धता उभी राहते. विचाराधीन ३९ अंकी संख्येला येथे 'म' म्हणू. समजा, म ने २^१२६ या क्रमांकाच्या ल्युका संख्येला निःशेष भाग जातो. मग गुणाकाराच्या नियमानुसार म ने २^१२७ या क्रमांकाच्या फिबोनाची संख्येलाही भाग जाईल. आता म चा कोणताही मूळ विभाजक घ्या. तो २^१२७ व्या फिबोनाची संख्येला भागतो, परंतु २^१२६ व्या फिबोनाची संख्येला भागत नाही, कारण एकाच क्रमांकाच्या फिबोनाची आणि ल्युका संख्यांना २ पेक्षा मोठा सामाईक विभाजक असू शकत नाही. म्हणून तो विभाजक फिबोनाची क्रमिकेत प्रथम जेथे अवतरतो, तो क्रमांक २^१२७ चा विभाजक असतो, पण २^१२६ चा विभाजक नसतो. असा क्रमांक एकच, तो म्हणजे २^१२७. हा क्रमांक विभाजकापेक्षा फार तर १ ने मोठा असू शकतो. अर्थात तो विभाजक किमान २^१२७ − १ इतका, म्हणजेच म इतका असला पाहिजे. याचा अर्थ म ला स्वतःखेरीज दुसरा मूळ विभाजक नाही. म ही मूळ संख्या आहे.

राहिला प्रश्न तो भागाकार प्रत्यक्ष करून पाहण्याचा. २^१२६ व्या ल्युका संख्येतील अंकांची संख्याच इतकी प्रचंड आहे की ती लिहून काढणे कोणालाही शक्य नाही. मात्र ती लिहिण्याची गरज नसते. दुसरी, चौथी, आठवी, सोळावी अशा दुपटीने वाढणाऱ्या क्रमांकांच्या ल्युका संख्या एका सोप्या नियमाने मिळतात: आधीच्या संख्येचा वर्ग करून त्यातून २ वजा करायचे. आरंभ ३ ने होतो आणि पुढे ७, ४७, २२०७ या संख्या येतात. प्रत्येक पायरीवर म ने भागून केवळ बाकी ठेवली, की आकडे कधीही ३९ अंकांपलीकडे जात नाहीत. अशा १२५ पायऱ्यांनंतर बाकी शून्य उरली, तर म मूळ आहे.

हीच कृती लहान संख्येवर करून पाहता येते. २^७ − १ = १२७ ही संख्या घेतल्यास ३, ७, ४७ यानंतर २२०७ ला १२७ ने भागून ४८ बाकी उरते. ४८ च्या वर्गातून २ वजा केल्यास २३०२ मिळतात, त्यांची बाकी १६. १६ च्या वर्गातून २ वजा केल्यास २५४ मिळतात, आणि २५४ म्हणजे १२७ ची दुप्पट, बाकी शून्य. यावरून १२७ ही मूळ संख्या ठरते. एकाही विभाजकाचा शोध न घेता हा निष्कर्ष मिळतो.

मोठ्या संख्येच्या आकडेमोडीसाठी ल्युका यांनी द्विमान पद्धतीचा उपयोग केला. या पद्धतीत म ही संख्या सलग १२७ एकांनी लिहिली जाते, त्यामुळे तिने भागाकार करणे अतिशय सुलभ होते. दशमान पद्धतीत ९९९ ने भागून बाकी काढायची असेल, तर संख्येचे तीन-तीन अंकांचे गट पाडून त्यांची बेरीज करतात. ४७२५ चे गट ४ आणि ७२५, बेरीज ७२९, आणि बाकीही तीच. त्याचप्रमाणे द्विमान पद्धतीत १२७ व्या स्थानापलीकडे गेलेले अंक पुन्हा पहिल्या स्थानापासून मांडून मिळवता येतात. ल्युका यांनी यासाठी १२७ × १२७ घरांच्या बुद्धिबळासारख्या पटाची कल्पना केली होती. पटावर प्यादे ठेवले तर १ आणि घर रिकामे असेल तर ०, अशी मांडणी करून वर्ग काढण्याचे काम सोंगट्या हलवण्याच्या खेळासारखे करता येते.

ल्युका यांनी हा निष्कर्ष इ.स. १८७६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यापूर्वीची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या फ्रेंच गणितज्ञ फॉर्च्युने लांद्री यांनी इ.स. १८६७ मध्ये शोधलेली १३ अंकी संख्या होती. ल्युका यांनी ही मर्यादा एकदम ३९ अंकांवर नेली.

निष्कर्षाची विश्वसनीयता

मोठी संख्या संयुक्त आहे असे सांगणारा गणिती तिचे अवयव दाखवू शकतो. गुणाकार करून कोणालाही त्याची खात्री पटते. संख्या मूळ आहे या विधानाला असा चटकन पडताळता येणारा पुरावा नसतो. ल्युका यांचा निष्कर्ष सव्वाशे पायऱ्यांच्या हस्तलिखित गणनावर उभा होता आणि ते सबंध गणन त्यांनी छापले नाही. त्यातील एका अंकाची चूकही निष्कर्षाला बाधा आणू शकली असती. शिवाय त्यांच्या लेखांतील काही प्रमेयांच्या मांडणीत उणिवा होत्या आणि काही सिद्धता अपुऱ्या होत्या.

या निष्कर्षाची स्वतंत्र पडताळणी इ.स. १९१४ मध्ये फ्रेंच गणितज्ञ फोकांबेर्ग यांनी केली. त्यांचे उत्तरही ल्युका यांच्याप्रमाणेच आले. त्या वेळी ल्युका यांच्या मृत्यूला २३ वर्षे लोटली होती. त्यांच्या सिद्धांतातील उणिवा अमेरिकी गणितज्ञ रॉबर्ट कारमायकेल आणि डेरिक हेन्री लेमर यांनी दूर केल्या. लेमर यांनी इ.स. १९३० मध्ये ३ ऐवजी ४ ने आरंभ करणारी क्रमिका घेऊन चाचणी अशा रूपात मांडली, की ती २ खेरीज सर्व मूळ घातांकांना लागू पडते. ल्युका यांची ३ ने सुरू होणारी क्रमिका केवळ ४ ने भागल्यावर ३ बाकी उरणाऱ्या मूळ घातांकांसाठी उपयोगी होती. १२७ हा घातांक त्यातच मोडतो.

इ.स. १८७६ मध्येच ल्युका यांनी दुसरा एक महत्त्वाचा निष्कर्ष जाहीर केला. मेर्सेन यांच्या यादीतील २^६७ − १ ही संख्या मूळ नाही, असे त्यांना आपल्या पद्धतीने आढळले. तिचे अवयव मात्र त्यांना सांगता आले नाहीत, कारण त्यांची चाचणी अवयव देत नाही. संख्या संयुक्त आहे एवढेच सांगते. हे अवयव अमेरिकी गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल यांनी इ.स. १९०३ मध्ये शोधले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. ल्युका यांचे म्हणणे २७ वर्षांनी अशा रीतीने प्रत्यक्ष गुणाकाराने खरे ठरले. मेर्सेन यांच्या यादीत पुढे आणखी चुका सापडल्या. ६१, ८९ आणि १०७ हे घातांक तिच्यात असायला हवे होते. ६७ आणि २५७ नको होते. या पाचांपैकी पहिली चूक ल्युका यांनी दाखवली.

अन्य गणिती कार्य

ल्युका यांचा सर्वांत महत्त्वाचा प्रबंध इ.स. १८७८ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स' या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात प्रसिद्ध झाला. फिबोनाची क्रमिकेसारख्या क्रमिकांच्या एका मोठ्या कुळाचा एकत्रित सिद्धांत त्यात मांडलेला आहे. या क्रमिकांना आज ल्युका क्रमिका म्हणतात. द्विपद सहगुणकाला मूळ संख्येने भागले असता किती बाकी उरते, हे सांगणारे ल्युका यांचे प्रमेयही त्याच वर्षातील आहे.

इ.स. १८७५ मध्ये त्यांनी तोफगोळ्यांच्या राशीविषयी एक आव्हान गणितज्ञांपुढे ठेवले. चौरस पायावर रचलेल्या तोफगोळ्यांच्या राशीतील एकूण गोळे पुन्हा एका चौरसात मांडता यायचे असतील, तर राशीत किती थर हवेत? एका थराची क्षुल्लक शक्यता वगळता २४ थर हे एकच उत्तर आहे, असे ल्युका यांचे म्हणणे होते. १ ते २४ या संख्यांच्या वर्गांची बेरीज ४९०० येते आणि ४९०० हा ७० चा वर्ग आहे. याखेरीज दुसरे उत्तर नाही, याची पूर्ण सिद्धता इंग्रज गणितज्ञ जी.एन. वॉटसन यांनी इ.स. १९१८ मध्ये दिली.

यांत्रिक गणनातही ल्युका यांना रस होता. त्यांनी मांडलेल्या एका प्रश्नावरून आंरी जेनाय या फ्रेंच अभियंत्याने गुणाकारासाठी पट्ट्यांचा एक संच तयार केला. त्यात हातचे मनात धरावे लागत नाहीत. पट्टीवरील खुणांवरून उत्तर थेट वाचता येते. या पट्ट्यांना जेनाय–ल्युका पट्ट्या म्हणतात.

हनोईचा मनोरा आणि मनोरंजक गणित

सामान्य वाचकांसाठी गणित लिहिणाऱ्यांमध्ये ल्युका यांचे स्थान वरचे आहे. 'रेक्रेआसियाँ मातेमातिक' (गणिती मनोरंजन) या त्यांच्या ग्रंथाचे चार खंड इ.स. १८८२ ते १८९४ या काळात निघाले. त्यांतील शेवटचे दोन त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. कागदावरील ठिपके जोडून चौकोन पूर्ण करण्याचा खेळ, जो आज शाळकरी मुले सर्वत्र खेळतात, त्याचे वर्णन ल्युका यांच्याच लेखनात प्रथम आढळते.

हनोईचा मनोरा हे कोडे इ.स. १८८३ मध्ये बाजारात आले तेव्हा त्याच्या खोक्यावर ल्युका यांचे नाव नव्हते. सयाममधील एन. क्लॉस नावाच्या प्राध्यापकाचे ते असल्याचे छापले होते. फ्रेंचमध्ये या काल्पनिक नावातील अक्षरे फिरवून लावली, की अमियेंचे ल्युका असे शब्द तयार होतात. त्याच्या काल्पनिक महाविद्यालयाचे नावही सें-लुई या नावातील अक्षरांची अदलाबदल करूनच केले होते. कोड्यात तीन खुंट्या असतात आणि एका खुंटीवर लहान-मोठ्या तबकड्या उतरत्या क्रमाने रचलेल्या असतात. एका वेळी एकच तबकडी हलवायची आणि लहान तबकडीवर मोठी ठेवायची नाही, हे नियम पाळून सर्व तबकड्या दुसऱ्या खुंटीवर न्यायच्या असतात.

या कोड्याला काशीतील एका मंदिराची कथा जोडली गेली. तेथील पुजारी सोन्याच्या ६४ तबकड्या अखंड हलवत आहेत आणि काम संपताच जगाचा अंत होईल, असे त्या कथेत सांगितले आहे. फ्रेंच लेखक आंरी द पार्व्हिल यांनी इ.स. १८८४ मध्ये ती रंगवून सांगितली, तेव्हापासून ती अनेक भाषांत पसरली. ही कथा कोड्यासाठी रचलेली असून काशीच्या कोणत्याही प्रत्यक्ष परंपरेशी तिचा संबंध नाही. ६४ तबकड्यांसाठी किमान २^६४ − १, म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१५ खेळ्या लागतात. सेकंदाला एक खेळी केली, तरी ५८ हजार कोटींहून अधिक वर्षे लागतील.

कितीही तबकड्या घेतल्या, तरी लागणाऱ्या खेळ्यांची संख्या ही मेर्सेन संख्येच्या रूपाचीच असते. तबकड्या १२७ असतील, तर किमान खेळ्या नेमक्या २^१२७ − १ होतात. ल्युका यांच्या संशोधनाचा आणि खेळण्याचा विषय अशा रीतीने एकच होता.

मृत्यू

इ.स. १८९१ मध्ये ल्युका यांच्या 'संख्या सिद्धांत' या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. जोडप्यांना गोल मेजाभोवती पतिपत्नी शेजारी येणार नाहीत अशा रीतीने किती प्रकारे बसवता येईल, हा पुढे बराच अभ्यासला गेलेला प्रश्न या ग्रंथात आहे. त्याच वर्षी विज्ञानाच्या प्रगतीसाठी स्थापन झालेल्या फ्रेंच संस्थेचे वार्षिक अधिवेशन मार्सेय येथे भरले. ल्युका त्यास उपस्थित होते. अधिवेशनातील मेजवानीच्या वेळी एका वाढप्याच्या हातून चिनी मातीची भांडी पडून फुटली आणि उडालेला एक तुकडा ल्युका यांच्या गालाला लागला. जखम किरकोळ दिसत होती, परंतु तिच्यात जंतुसंसर्ग झाला. त्वचेचा दाह होऊन काही दिवसांतच, ३ ऑक्टोबर, इ.स. १८९१ रोजी, त्यांचे पॅरिस येथे निधन झाले. त्या काळी अशा संसर्गावर परिणामकारक औषध उपलब्ध नव्हते. मृत्युसमयी त्यांचे वय ४९ वर्षे होते.

'संख्या सिद्धांत' या ग्रंथाचे पुढील खंड निघू शकले नाहीत. 'मनोरंजक अंकगणित' हे त्यांचे पुस्तक इ.स. १८९५ मध्ये मरणोत्तर प्रकाशित झाले.

वारसा

२^१२७ − १ ही बारावी मेर्सेन मूळ संख्या आहे. तिच्यापासून मिळणारी परिपूर्ण संख्या ७७ अंकी आहे. ल्युका यांचा निष्कर्ष जाहीर झाल्यावर बेल्जियन गणितज्ञ यूजीन कातालां यांनी २, ३, ७, १२७, २^१२७ − १ या साखळीकडे लक्ष वेधले. तीत प्रत्येक पद हे आधीच्या पदाचा घातांक घेऊन तयार झालेली मेर्सेन संख्या आहे आणि ही पाचही पदे मूळ आहेत. सहावे पद मूळ आहे किंवा नाही, हा प्रश्न आजही अनुत्तरित आहे. त्या पदात इतके अंक आहेत की ल्युका यांची चाचणीही त्यावर चालवता येत नाही.

इ.स. १९५१ मध्ये एमे फेरिये यांनी मेजावरील यांत्रिक गणकाच्या साहाय्याने ४४ अंकी मूळ संख्या शोधली आणि ल्युका यांचा विक्रम मोडला. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये मिलर आणि व्हीलर यांनी एडसॅक या संगणकावर ७९ अंकी मूळ संख्या मिळवली. ही संख्या ल्युका यांच्या संख्येच्या वर्गाला १८० ने गुणून त्यात १ मिळवल्याने येते. इ.स. १९५२ च्या जानेवारीत राफेल रॉबिन्सन यांनी अमेरिकेतील स्वॅक या संगणकावर ल्युका–लेमर चाचणी चालवली आणि एकाच रात्री २^५२१ − १ व २^६०७ − १ या दोन मूळ संख्या शोधल्या.

इ.स. १९९६ पासून जगभरातील स्वयंसेवक आपापले संगणक वापरून गिम्प्स या प्रकल्पाद्वारे मेर्सेन मूळ संख्यांचा शोध घेत आहेत. या प्रकल्पातून इ.स. २०२४ मध्ये सापडलेली २^१३६२७९८४१ − १ ही मूळ संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे. तिची अंतिम पडताळणी ल्युका–लेमर चाचणीने करण्यात आली. आधीच्या संख्येचा वर्ग करणे, २ वजा करणे आणि बाकी ठेवणे, ही ल्युका यांनी वापरलेली कृती त्यात तशीच कायम आहे.